ॲपवर ओळख झाली, आता निकाहचं बोलायचंय. हद्द नेमकी कुठे आहे?

दापोलीची_लेक:

सगळ्यांना सलाम आणि नमस्कार. बरेच महिने इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते.

वय 27. गाव दापोली तालुक्यात, खाडीकाठी. पुण्यात एका लॅबमध्ये काम करते, तीन मुलींबरोबर भाड्याच्या खोलीत राहते. अब्बा वीसेक वर्षं कुवेतला होते, आता गावी कलमं बघतात. तीन वर्षं माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. जमातीतून येतात ती बहुतेक आखाती मुलकांतली. मुलगा दोन वर्षांनी महिनाभर येणार आणि मी सासरी राहायचं. जी इथली आहेत त्यांची पहिली अट नोकरी सोडण्याची. अब्बांनी कधी जबरदस्ती केली नाही, पण प्रत्येक नकारानंतर घर दोन दिवस गप्प होतं.

फेब्रुवारीत मावसबहिणीने एका मुस्लिम विवाह ॲपवर माझं नाव घातलं. तिथे नांदेडच्या एका मुलाशी ओळख झाली. पॉलिटेक्निकला शिकवतो. तीन महिने आम्ही इशानंतर, म्हणजे रात्रीच्या नमाजनंतर, तासभर लिहितो. घरच्या गोष्टी, कामाच्या, कधी एखाद्या आयतीबद्दल. त्याने एकही वावगा शब्द लिहिलेला नाही. त्याने माझा ओढणीतला एक फोटो पाहिलाय, मी त्याचे दोन. गेल्या आठवड्यात तो म्हणाला, "एकदा पुण्यात येतो, समोरासमोर बोलू."

तेव्हापासून झोप नाही. आजवर जे केलं ते गुनाह होतं का? भेटले तर होईल का? आम्ही शाफई मजहबाचे (धर्मशास्त्राच्या परंपरेचे), तो हनफी, याने काही फरक पडतो का? आणि सगळ्यात जास्त टोचतं ते हे: खोलीत कुणी आलं की मी फोन पालथा ठेवते. अम्मीचा फोन आला की "नमाज पढत होते" म्हणून सांगते. लिहिलेल्यात लपवण्यासारखं काही नाही, तरी मी लपवते आहे.

हात जोडून एकच विनंती. कुणी जहन्नमची भीती घालू नका आणि "तुझं आयुष्य, तुला हवं ते कर" असंही सांगू नका. दोन्ही ऐकून झालंय.

खेडची_खाला:

बेटा, आधी पाणी पी आणि आज रात्री झोप. तू वाट चुकलेली नाहीस, वाटेत थांबून विचारते आहेस.

माझी मंगनी 1986 साली झाली. हे जहाजावर होते. मंगनीनंतर सात महिने त्यांची पत्रं यायची आणि प्रत्येक पत्र माझा थोरला भाऊ आधी फोडायचा. तेव्हा मला फार राग यायचा. आता कळतं, त्या फोडलेल्या पाकिटामुळे मला कधी कुणापासून तोंड लपवावं लागलं नाही. तुझं दुःख त्या पालथ्या फोनात आहे. अब्बांना सांग. कसं सांगायचं ते आपण इथे बसून ठरवू.

सीधी_बात:

मला इथे गोड बोलायचं नाही. कुरआनात "झिना (लग्नाबाहेरचे शरीरसंबंध) करू नका" एवढंच म्हटलेलं नाही, "झिनाच्या जवळ जाऊ नका" असं म्हटलंय (17:32). जवळ जाणं म्हणजे काय? रात्री तासभर परक्या पुरुषाशी बोलणं, आठवण काढणं, मग फोटो, मग भेट. सगळं इथूनच सुरू होतं. ॲप मुस्लिम नावाचं असलं म्हणून आत चालतं ते हलाल होत नाही. बहीण म्हणून सांगतो, आज बंद करा. नसीबात असेल तर तो घरच्यांना घेऊन येईल.

मदरसा_ते_एमए:

मी सात वर्षं मदरशात शिकले, नंतर इतिहासात एमए केलं. मी मुफ्ती नाही, फतवा देत नाही. जे शिकले ते सांगते. लांबेल, कारण यात बऱ्याच गोष्टी एकमेकींत मिसळल्या गेल्या आहेत.

वर भावाने दिलेली आयत बरोबर आहे आणि त्यातला "जवळ" हा शब्दही महत्त्वाचा आहे. फकीह (धर्मशास्त्राचे जाणकार) ज्याला सद्दुज़-ज़राए म्हणतात, म्हणजे गुन्ह्याकडे नेणारी वाट आधीच बुजवणं, त्याचा आधार इथेच घेतात. पण प्रत्येक वाट गुन्ह्याकडे नेते असं शरीयत मानत नाही. निकाहकडे जाणारी वाट तिने स्वतः आखून दिली आहे. तिचं नाव खितबा, म्हणजे मागणी घालणं.

मुगीरा इब्न शोअबा यांनी एका बाईला मागणी घातली तेव्हा हुजूर, म्हणजे प्रेषित मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि व सल्लम, यांनी त्यांना सांगितलं की आधी तिला पाहून घे, त्याने तुमच्यात आपुलकी टिकण्याची शक्यता वाढेल. तिरमिज़ी या हदीसच्या (हुजूरांच्या वचनांच्या) संग्रहात आहे. म्हणजे निकाहच्या इराद्याने पाहणं ही नुसती सवलत नाही, तो सल्ला आहे. पसंती बाईने आधी कळवणंही आपल्याकडे नवं नाही. हजरत खदीजांनी स्वतः मध्यस्थ बाई पाठवून हुजूरांकडे विचारणा केली होती. इब्न माजामध्ये एक रिवायत आहे, मला ती फार आवडते. तिचा अर्थ असा, की एकमेकांवर जीव जडलेल्या दोघांसाठी निकाहसारखं दुसरं काही नाही. मनात ओढ निर्माण होणं हा गुन्हा असता तर ही हदीस अशी नसती.

हद्दीही तितक्याच स्पष्ट आहेत. मागणी घातली, मंगनी झाली, अंगठी घातली, तरी निकाहपर्यंत दोघं ना-महरम, म्हणजे एकमेकांना परके. आपल्याकडे हे विसरतात. मंगनी झाली की फिरायला पाठवतात आणि मंगनी आधी शब्द बोललेला चालत नाही. शरीयतच्या नजरेत दोन्ही वेळी नातं तेच आहे. एकांत, म्हणजे खल्वत, दोन्ही वेळी मना. जिथे स्त्री-पुरुष एकटे असतात तिथे तिसरा शैतान असतो ही हदीस यासाठीच आहे.

मग चॅट ही खल्वत आहे का? जुन्या किताबांत खल्वतची व्याख्या जागेची आहे: बंद खोली, जिथे तिसरा येऊ शकत नाही. त्या अर्थाने फोन खल्वत नाही. पण आजचे बरेच आलिम म्हणतात की रात्रीचं खाजगी बोलणं परिणामाच्या दृष्टीने तसंच आहे. माझं मत असं, की कामाचं बोलणं आणि करमणुकीचं बोलणं यांत फरक करावा. तुम्ही कसे आहात, दीन काय, राहायचं कुठे, नोकरीचं काय, आईवडिलांची जबाबदारी कशी घेणार, याला मारूफ बोलणं म्हणतात. हे विचारायला तीन महिने रोज तासभर लागत नाही. ताई, रागावू नकोस. तुला हे माझ्याआधी कळलंय, म्हणूनच फोन पालथा ठेवतेस.

सूरे बकराच्या 235व्या आयतीत इद्दतमधल्या (नवऱ्याच्या मृत्यूनंतर वा तलाकनंतर थांबायच्या काळातल्या) बाईला लग्नाचा नुसता इशारा द्यायला हरकत नाही म्हटलंय आणि लगेच पुढे म्हटलंय की त्यांच्याशी गुपचूप वायदे करू नका. संदर्भ वेगळा आहे, मान्य. पण भर कशावर आहे ते पाहा. सूरे निसामध्येही (4:25) निकाहच्या बायकांचं वर्णन करताना "छुपे यार करणाऱ्या नव्हेत" असे शब्द येतात. गुपितपणा हाच धोका मानलाय.

कट्ट्यावरचा_सोलापूरकर:

मी मुसलमान नाही, पण वाचून राहवलं नाही. आमच्याकडे कांदेपोहे होतात, मग दोघांना गच्चीवर पाठवतात आणि "बोला तुम्ही" म्हणतात. तुमच्याकडे इतकंही चालत नाही असं मी आजवर धरून चाललो होतो. वरचा प्रतिसाद वाचून कळलं की पाहायला सांगितलंच आहे. एक शंका. वली म्हणजे बापाची परवानगी असं ऐकलंय. मग मुलीच्या होकाराला किंमत किती?

मदरसा_ते_एमए:

छान विचारलंत. ताईच्या शाफई-हनफी प्रश्नाचं उत्तरही इथेच येतं.

कोकणातले मुसलमान शाफई, समुद्रमार्गे आलेल्या अरबांशी आलेला संबंध त्याच्या मुळाशी आहे. भटकळ, केरळचा किनारा, सगळीकडे तेच. घाटावर आणि मराठवाड्यात बहुतेक हनफी. शाफई मजहबात वलीशिवाय निकाहच होत नाही. बाप, तो नसेल तर आजा, पुढे भाऊ, असा क्रम. हनफीत अक्कलवान, वयात आलेली बाई स्वतःचा निकाह स्वतः करू शकते, फक्त मुलगा बरोबरीचा नसेल तर वली काझीकडे हरकत घेऊ शकतो.

मुलीच्या होकाराचं म्हणाल तर बुखारीत खन्सा बिन्त खिज़ाम यांची हकीकत आहे. त्या आधी विवाहित होत्या. बापाने त्यांच्या मर्जीविरुद्ध निकाह लावला, त्या हुजूरांकडे गेल्या आणि तो निकाह रद्द झाला. कुमारिकेलाही विचारायचंच, ती लाजून गप्प राहिली तर ते गप्प राहणं होकार समजायचं, अशी हदीस आहे. मला प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की शाफई फिकहच्या (धर्मशास्त्राच्या) जुन्या किताबांत कुमारिकेच्या बाबतीत बापाला काही शर्तींवर तिला न विचारता निकाह लावण्याचा अधिकार दिलाय. त्याच किताबांत विचारणं चांगलं असंही लिहिलंय. आणि बाप विनाकारण योग्य स्थळ अडवत असेल तर त्याला अज़्ल म्हणतात, तेव्हा वलीपण काझीकडे जातं. म्हणजे वलीचा हक्क अमर्याद नाही.

हुजूरांच्या काळातल्या बरीराची गोष्ट प्रत्येक बापाला सांगावीशी वाटते. ती दास्यातून मुक्त झाली आणि तिने नवऱ्यापासून वेगळं होणं निवडलं. नवरा मुगीस मदीनेच्या गल्ल्यांतून तिच्यामागे रडत फिरायचा, दाढी आसवांनी भिजलेली. हुजूरांनी तिला परत जा असं सुचवलं. तिने विचारलं, हा हुकूम आहे का? ते म्हणाले, नाही, मी फक्त शिफारस करतो. ती म्हणाली, मग मला त्याची गरज नाही. आणि तिथे विषय संपला.

फॅमिली_कोर्ट_संभाजीनगर:

वकिली करते, म्हणून कायद्यापुरतं.

शाफई मुलीच्या निकाहवर मुंबई हायकोर्टाचा 1864चा एक निकाल आहे, महंमद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद. शाफई घरातल्या मुलीने वयात आल्यावर हनफी मजहब धरला आणि बापाच्या संमतीशिवाय निकाह केला. कोर्टाने तो मान्य केला. म्हणाले, सुन्नींच्या चारपैकी कोणता मजहब धरायचा हे ती ठरवू शकते आणि त्यापुढे तिचे व्यवहार त्या इमामाच्या मताने पाहिले जातील. दीडशे वर्षांहून जुना निकाल आहे. मी हे बापाला टाळायचा रस्ता म्हणून सांगत नाही. "शाफई म्हणून तुला बोलायचा हक्कच नाही" असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही, एवढ्यासाठी सांगते.

आपल्या देशात सज्ञान माणसांनी लग्नाआधी संबंध ठेवणं हा फौजदारी गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली खुशबू प्रकरणात हे स्पष्ट केलंय. 1937चा शरीयत कायदा निकाह, तलाक, मेहेर, वारसा यांसारख्या बाबींपुरता आहे, त्यात हुदूदच्या (कुरआन-हदीसमध्ये ठरवून दिलेल्या) शिक्षा नाहीत. तेव्हा "शरीयतप्रमाणे तुला शिक्षा करू" म्हणणाऱ्या कुणालाही, भाऊ असो की गावचा पुढारी, तसा काडीचा अधिकार नाही. पाप काय आणि गुन्हा काय, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. 18 वर्षांखालच्या मुलीचा प्रश्न मात्र पॉक्सोत जातो, तिथे तिची संमती धरत नाहीत.

आणि मुलांनो, भारतीय न्याय संहितेचं कलम 69 वाचून ठेवा. निकाहचा इरादाच नसताना तसा वायदा करून शरीरसंबंध ठेवले तर 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू आहे.

शारजाहून:

इकडची बाब वेगळी आहे, कारण आपली कितीतरी मुलं-मुली इकडे नोकरीला येतात आणि "सगळे राहतात तसं" राहायला लागतात. अमिरातीत 2020च्या नोव्हेंबरपर्यंत लग्नाशिवाय एका घरात राहणं हाच गुन्हा होता. नंतर कायदा बदलला. 2022च्या जानेवारीपासूनच्या नव्या दंडसंहितेत लग्नाबाहेरच्या संमतीच्या संबंधांवर नवऱ्याने किंवा वलीने तक्रार केली तरच खटला चालतो. पण चालला तर कैद आहे. मायदेशातल्या बापाशी भांडण असलेल्या मुलीने हे नीट समजून घ्यावं. शेजारच्या प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे, दुबईचं ऐकून दुसरीकडे तसं वागू नये.

नाव_नको:

हे लिहायला दोन दिवस लागले. हात अजून थरथरतो आहे.

मी 22 वर्षांची होते. एका ॲपवर ओळख झाली, मुस्लिमांच्या नव्हे, साध्या. तो दीनदार होता. सकाळी फजरला उठवायचा. चार महिन्यांनी म्हणाला, आपण अल्लाहला साक्षी ठेवून फोनवर निकाह करू, म्हणजे बोललेलं गुनाह होणार नाही. मी "कबूल" म्हटलं. तीन वेळा. त्यानंतर तो मला बीवी म्हणायचा आणि बीवीकडून मागतात तसे फोटो मागायचा. मी दिले. मला वाटत होतं मी हलाल नात्यात आहे. मग एक दिवस त्याने पैसे मागितले आणि नाही म्हटल्यावर फोटो भावाला पाठवीन म्हणाला.

सात महिने मी कुणाला सांगितलं नाही. कारण सांगायचं म्हटलं तर आधी माझाच गुन्हा सांगावा लागणार होता. शेवटी वहिनीला सांगितलं. तिने मला जवळ घेतलं, ओरडली नाही. दापोलीच्या ताई, तुमचा मुलगा तसा नसेल. पण तुमच्याजवळ ती वहिनी आहे का, एवढं आधी पाहा.

मदरसा_ते_एमए:

बहिणी, तू जे केलंस ते निकाह नव्हतं. ते नातं तुझ्यावर कधीच बांधलं गेलं नव्हतं, मनातून तो भार उतरव. कोणत्याही सुन्नी मजहबात साक्षीदारांशिवाय, दोघांनीच फोनवर "कबूल" म्हटल्याने निकाह होत नाही. शाफईत वली लागतो, दोन साक्षीदार लागतात. हनफीतही साक्षीदार लागतातच. जिद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने 1990 साली फोन, टेलेक्ससारख्या साधनांवरचे व्यवहार मान्य केले, तेव्हा निकाह त्यातून वगळला, कारण साक्षीदारांची शर्त. परगावच्या मुलाचा निकाह वकील नेमून होतो, पण तो मजलिसमध्ये, लोकांसमोर होतो. "अल्लाह साक्षी आहे" म्हणणारा मुलगा खरं तर माणसांना साक्षी ठेवायचं टाळत असतो. हा एकच शब्द ऐकला की मुलींनी फोन ठेवून द्यावा.

फॅमिली_कोर्ट_संभाजीनगर:

ज्यांच्यावर आज हीच वेळ आली असेल त्यांच्यासाठी. चॅट पुसू नका, तो पुरावा आहे. स्क्रीनशॉट घ्या, नंबर आणि खातं टिपून ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930वर फोन करा. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर बायकांच्या तक्रारींसाठी वेगळी सोय आहे, तिथे नाव न देताही कळवता येतं. कुणाचं खाजगी अंगाचं चित्र त्याच्या मर्जीविरुद्ध पसरवणं हा आयटी कायद्याच्या 66ई कलमाखाली गुन्हा आहे, धमकी आणि खंडणीची कलमं वेगळी. फोटो तुम्ही स्वतः पाठवला होता म्हणून तुमचा हक्क जात नाही.

उत्तर_हवंय:

माझा प्रश्न याला लागूनच आहे. कॉलेजात माझं एक नातं होतं, मर्यादेबाहेर गेलं होतं. तौबा केली, चार वर्षं झाली. आता निकाह ठरतोय. होणाऱ्या नवऱ्याला सांगणं फर्ज (बंधनकारक) आहे का? न सांगणं धोका होईल का? रोज रात्री हाच विचार.

मदरसा_ते_एमए:

फर्ज नाही. अल्लाहने झाकलेलं आपण उघडायचं नाही, याला सत्र म्हणतात. बुखारी-मुस्लिम दोन्हींत हदीस आहे की उम्मतमधल्या सगळ्यांना माफी आहे, अपवाद आपला गुनाह स्वतः जाहीर करणाऱ्यांचा. माइज़ नावाचे एक सहाबी (हुजूरांचे सोबती) झिनाची कबुली द्यायला आले तेव्हा हुजूरांनी पुन्हा पुन्हा तोंड फिरवलं. नवऱ्याला ज्याचा परिणाम भोगावा लागेल असं काही असेल, आजार वगैरे, तर ते सांगायला हवं. बाकी तुझ्यात आणि तुझ्या रबमध्ये. तो खोदून विचारेल तर "मागचं विचारू नका" म्हणायचा तुला हक्क आहे. सूरे हुजुरातमध्ये (49:12) दुसऱ्याचे दोष शोधत फिरू नका असा हुकूमच आहे.

आणि हे गावातल्या ओट्यांवर बसणाऱ्यांसाठीही. मुलीचं नाव कुणाशी जोडायचं तर सूरे नूर चार साक्षीदार मागते, आणि ते आणता आले नाहीत तर बोलणाऱ्याला 80 फटके आणि त्याची साक्ष पुन्हा कधी धरायची नाही (24:4). झिनाची शिक्षा सगळ्यांना पाठ असते, या आयतीची आठवण कुणी काढत नाही. त्याच सूरेत नजर खाली ठेवायचा हुकूम आधी पुरुषांना आहे, 30व्या आयतीत. बायकांना 31व्या.

सीधी_बात:

मी वर कडक लिहिलं. नाव_नको यांचं वाचलं आणि कालपासून माझ्या धाकट्या बहिणीचा विचार करतोय. तिच्यावर असं काही आलं असतं तर ती मला सांगायला आली असती का? नसती आली. माझं मत तेच आहे, रात्रीचं बोलणं बंद व्हावं. पण "आज बंद करा" म्हणून मी निघून गेलो असतो तर त्या मुलीच्या हातात काय राहिलं असतं? दापोलीच्या ताई, बंद करू नका, उघड करा. माझा शब्द बदलतो.

खेडची_खाला:

अल्लाह तुला नेकी देवो, बेटा.

माझ्या पुतणीने सांगितलं की हल्ली काही मुस्लिम ॲपांवर वलीला जोडायची सोय असते. मझ म्हणून आहे, त्याचं पूर्वीचं नाव मझमॅच, त्यावर चॅटची नक्कल वलीला जाते म्हणे. ऐकल्यावर मला माझ्या भावाची फोडलेली पाकिटं आठवली.

आता सांगायचं कसं. फोनवर सांगू नकोस, गावी जा. अम्मीला आधी सांग, पण निरोप्या म्हणून तिला पुढे करू नकोस, ती बिचारी मधे भाजते. अब्बांना तूच सांग. "माझं प्रेम आहे" असं सुरुवातीला म्हणू नकोस, तो शब्द बापाच्या कानाला जड जातो. "एक स्थळ मी स्वतः पाहिलंय, तुम्ही तपासावं असं वाटतं" असं म्हण. तपासणं हे त्यांचंच काम आहे, ते त्यांना दे. आणि त्या मुलालाही सांग, भेट व्हायची तर तुझ्या आईला आधी कळू दे. तो काय म्हणतो त्यावरून तुला बरंच कळेल.

दापोलीची_लेक:

सगळं वाचलं. काही प्रतिसाद दोन-दोनदा. नाव_नको ताई, तुम्हाला काय लिहावं कळत नाही. रोज दुआ करते तुमच्यासाठी.

खालांनी सांगितलं तसं त्याला लिहिलं. तो "घाई कशाला, आधी आपण नीट ओळखू" म्हणाला. मग मीही लिहिणं थांबवलं. चार दिवस काही नाही. ते चार दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. इशानंतर हात आपोआप फोनकडे जायचा. पाचव्या दिवशी त्याच्या आईचा व्हॉइस मेसेज आला. दखनी बोलतात त्या. म्हणाल्या, "बेटी, इने आज बोल्या मेरेको. तीन महिने का छुपाया करके मैं उसके ऊपर गुस्सा हूं, तेरे ऊपर नइं."

रात्रीच्या एसटीने गावी आले.

दापोलीची_लेक:

काल सांगितलं. अम्मी रडली, मग चहा टाकला. अब्बा काहीच बोलले नाहीत. उठून कलमांना पाणी घालायला गेले आणि असरपर्यंत आले नाहीत. मला वाटलं संपलं. आले, वजू केलं, नमाज पढले, मग मला समोर बसवलं. "किती महिने?" तीन. "भेटलीस?" नाही. "का नाही भेटलीस?" हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. मी म्हटलं, तुम्हाला न सांगता भेटावंसं वाटलं नाही. ते खूप वेळ दाराबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "त्याच्या बापाचा नंबर दे."

हनफी म्हटल्यावर थोडे थांबले. जमातीच्या इमामांना विचारलं. ते म्हणाले, त्यात अडचण नाही, वली म्हणून तुम्ही बसा, साक्षीदार ठेवा, दोन्ही मजहबांत निकाह पक्का.

पुढच्या रविवारी फुफीच्या घरी, कोंढव्याला, भेट आहे. तो, त्याची आई आणि मामा येणार. आम्हाला बोलायला बाहेरची खोली. अब्बा म्हणाले, "मी गॅलरीत बसेन. दार उघडं राहील. ऐकणार नाही मी, पण दार उघडं राहील."

आता घाबरत विचारते, तिथे काय काय विचारायचं?

फॅमिली_कोर्ट_संभाजीनगर:

अल्हम्दुलिल्लाह. मेहेर किती आणि त्यातला किती निकाहच्या वेळी हातात, हे विचार. आकडा तू सांग, तो तुझा हक्क आहे, बापाचा नाही, सूरे निसा 4:4. तुझ्या शर्ती निकाहनाम्यात लिहून घेता येतात, नोकरीची, राहण्याच्या जागेची. गरज पडली तर तलाकचा अधिकार तुझ्याकडे सोपवण्याचीही शर्त घालता येते, तिला तफवीज़ म्हणतात. निकाहनंतर सरकारी नोंदणी करून घ्या, जमातीच्या रजिस्टरवर थांबू नका.

खेडची_खाला:

आणि त्याला विचार, राग आला की काय करतोस. उत्तर देताना त्याच्या आईच्या तोंडाकडे बघ.

दापोलीची_लेक:

प्रश्नांचा कागद तयार केला. मेहेर, राहायचं नांदेडला की पुण्याला, त्याच्या आईची तब्येत, राग. कागद रात्री टेबलावरच राहिला होता. सकाळी पाहिलं तर खाली अब्बांच्या अक्षरात एक ओळ वाढली होती. त्यांचं मराठी अक्षर कुवेतहून यायच्या पत्रांत पाहायचे, तसंच, तिरकं. "लॅबची नोकरी चालू राहील का, हे मी विचारीन."